दोन राउंडांच्या मधलं चालणं

नमस्कार श्रोतेहो.

खानापूरच्या बाजूला पहाटे साडेपाचला रस्त्यावर या, दूधवाल्याच्या आधी पळणारी पोरं दिसतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळं लष्कर भरतीच्या धावण्याचे सोळाशे मीटर आणि साडेपाच मिनिटं हे दोन आकडे आमच्याकडं पाढ्यासारखे पाठ असतात.

यातलाच एक पोरगा परवाच्या उन्हाळ्यात माझ्याकडं आला. म्हणाला, "सर, रोज सराव करालोय, तरी टाइम उतरंना." पाच बावन्नवर अडकलेला. रोज सोळाशे मीटर, रोज जीव खाऊन. नडगीवर बोट दाबलं तर कळवळला. मला त्याचा राग आला नाही, कारण काही वर्षांपूर्वी मीसुद्धा पोरांना असंच पळवायचो. जो थांबला तो आळशी, असं माझं साधं गणित होतं. त्या गणितापायी दोन चांगली पोरं भरतीच्या तोंडावर लंगडत घरी बसली.

आता दुसरं गणित बघा. साडेपाच मिनिटं म्हणजे तीनशेतीस सेकंद. चारशेचे चार राउंड धरले तर एकेक साडेब्याऐंशी सेकंदांत यायला हवा. सलग चार या वेगानं जमत नाहीत ना? मग एक पळा, ऐंशी-ब्याऐंशीत. मग थोडं चाला, हळू जॉगिंग करा. पुन्हा एक. असे सहा. म्हणजे हव्या त्या वेगानं तुम्ही चोवीसशे मीटर पळालात, जे सलग कधीच जमलं नसतं. यालाच इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात. पहिला राउंड पंचाहत्तरमध्ये आणि सहावा पंचाण्णवमध्ये, असं झालं तर तो सराव फसला समजा.

मधलं चालणं किती? १९३०च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाच्या प्रशिक्षकानं एका हृदयतज्ज्ञाला सोबत घेऊन हे नाडीवर बसवलं. पळताना ठोके मिनिटाला १८०पर्यंत चढू द्यायचे आणि १२०च्या आसपास उतरले की पुढचा राउंड. दीड मिनिटात उतरले नाहीत, तर पळणं झेपण्यापलीकडचं होतं. आमची पोरं गळ्यापाशी दोन बोटं ठेवून दहा सेकंद मोजतात. वीस आले की निघतात. महागडं घड्याळ लागत नाही.

मैदानाला ट्रॅक नसला तरी अडत नाही. पन्नास मीटरची टेप चार वेळा टाका, दोन्ही टोकांना फक्की मारा, जाऊन-येऊन चारशे झाले. वळताना एखादा सेकंद जातो, तेवढा सोडून द्या. फोनवरच्या अंतरावर एवढ्या छोट्या राउंडला मी विश्वास ठेवत नाही.

आता खरी अडचण. हा सराव आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शुक्रवारी. मधल्या दिवशी बोलता येईल इतकं हळू पळायचं आणि एक दिवस चक्क काहीच नाही. पोरांना हे पटत नाही. पळताना स्नायूंचे तंतू बारीक बारीक फाटतात, साठवलेली साखर संपते. ती भरपाई झोपेत आणि जेवणात होते, मैदानावर नाही. दुखणं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं. त्यावर पुन्हा जोर काढला की नडगी बोलायला लागते. रात्री बारापर्यंत फोन, पहाटे पाचला मैदान, सकाळी नुसता चहा-बटर. यात शरीरानं दुरुस्ती करायची कधी? भाकरी, उसळ, अंडं, दूध, जे घरात असेल ते पोटभर खा आणि आठ तास झोपा.

रॉजर बॅनिस्टर या इंग्रज धावपटूची गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. मैल म्हणजे १६०९ मीटर, आपल्या भरतीपेक्षा नऊच मीटर जास्त. तो पाव मैलाचे दहा राउंड मारायचा, मध्ये दोन मिनिटं. एकसष्ट सेकंदांवर येऊन गाडी अडली, काही केल्या खाली येईना. शेवटी सराव सोडून मित्राबरोबर स्कॉटलंडच्या डोंगरात चढाईला गेला. परत आल्यावर एकोणसाठ! ६ मे १९५४ला ऑक्सफर्डमध्ये त्यानं मैल तीन मिनिटं ५९.४ सेकंदांत पार केला. जगात चार मिनिटांच्या आत पहिलाच.

आमच्या पोराला मी आधी दोन आठवडे पळूच दिलं नाही. घरच्यांना वाटलं, मास्तरांनी नाद सोडला. त्याच्या वडिलांना मात्र लगेच कळलं. म्हणाले, "बैल पण सोडावा लागतो की सर." मग हळूहळू चार राउंड, नंतर पाच, सहा. मागच्या शुक्रवारी सोळाशेची चाचणी घेतली, पाच अडतीस. आठ सेकंद अजून आहेत. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता, तरी म्हणाला, "सर, अजून एक चारशे मारू?"

मी म्हटलं, "साकु, पुरे झालं. बूट काढ."