परदेशात प्राणी समोर आला? पाऊल मागे, मग फोटो

नमस्कार मंडळी! परदेशात फिरताना एखादा प्राणी अचानक समोर येतो आणि हात आपसूक मोबाइलकडे जातो. आजचा व्हिडिओ त्याच्या पुढच्या दोन मिनिटांबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. प्राणी आपल्या कामात असेल, तेव्हाच त्याचा फोटो चांगला येतो. चरणारा चरत राहू दे, पिल्लाला चाटणारी चाटत राहू दे. चरता चरता तो थांबला, मान वर करून तुमच्याकडेच बघत राहिला, कान टवकारले, म्हणजे तुम्ही गरजेपेक्षा पुढे आलाय. मागे सरा. तो परत खाली मान घालेपर्यंत वाट बघा. त्यानंतर मिळतो तो फोटो खरा.

किती अंतर ठेवायचं, हे बऱ्याच ठिकाणी ठरवून दिलेलं असतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये अस्वल आणि लांडग्यांपासून निदान ९१ मीटर, बायसन म्हणजे तिथले गव्यासारखे प्राणी आणि एल्क म्हणजे मोठी हरणं, यांच्यापासून २३ मीटर. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात तर ५०० मीटर. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर मात्र फक्त २ मीटर, कारण तिथले प्राणी माणसाला फारसे बुजत नाहीत. तिथे फ्लॅश अजिबात चालत नाही, आणि सी लायन, म्हणजे सीलसारखा समुद्री प्राणी, स्वतःहून जवळ आला तरी मागे आपणच व्हायचं. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडवर संध्याकाळी छोटे पेंग्विन समुद्रातून किनाऱ्यावर येतात, आणि तो सोहळा बघताना फोटो काढायला चक्क बंदी आहे. मला हा नियम मनापासून पटतो. अंधारात घरट्याकडे निघालेल्या त्या जिवांवर शेकडो मोबाइलचा उजेड कशाला पाडायचा?

बायसनपाशी जरा थांबूया. दिसायला अगदी संथ, रस्त्याच्या कडेला निवांत चरत असतो, म्हणून लोक बिनधास्त जवळ जातात. पण यलोस्टोनमध्ये सगळ्यात जास्त माणसं जखमी केलीत ती बायसनने. माणसाच्या तिप्पट वेगाने धावतो तो! त्याच्या शेपटीवर लक्ष ठेवा. खाली लोंबत असेल, माश्या हाकलत असेल, तर तो आपल्या नादात आहे. शेपटी वर उचलली गेली, पायाने माती उकरायला लागला, फुरफुरला, की फोटोचा विचार सोडा आणि लगेच लांब व्हा.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या लांबून मोबाइलवर काय दिसणार? बोटांनी ताणून केलेला झूम एका मर्यादेनंतर निव्वळ क्रॉप असतो, म्हणजे फोटोचा तुकडा कापून मोठा केलेला, आणि चित्र फुटतं. फोनमध्ये टेलिफोटो लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स असेल तर तिच्या झूमपर्यंतच जा, आणि त्यापुढे प्राण्याला फ्रेममध्ये लहानच राहू द्या. केनियाच्या गवताळ माळावर एका कोपऱ्यात इवलासा जिराफ आणि वर पसरलेलं आभाळ, असा फोटो मला जिराफाच्या नुसत्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आवडतो. तो कुठे राहतो, ते त्यात दिसतं.

बाकी सेटिंगचं थोडक्यात. फोकस डोळ्यावर. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त. बर्फात एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडा वाढवा, नाहीतर पांढराशुभ्र बर्फ राखाडी येतो. एसी खोलीतून दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून तो बॅगेत ठेवूनच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. आणि शटरचा आवाज बंद.

एका फोटोला मात्र साफ नाही म्हणा. पर्यटनाच्या ठिकाणी कुणीतरी प्राणी हातात घेऊन उभं असतं, पैसे द्या आणि फोटो काढा. थायलंडच्या किनाऱ्यांवर स्लो लोरिस, म्हणजे माकडांचा दूरचा नातलग असलेला छोटा निशाचर प्राणी, असाच फिरवला गेलाय. टपोरे डोळे, मऊ अंग. चावू नये म्हणून त्याचे दात तोडलेले असतात. तो दोन्ही हात वर करतो तेव्हा लोकांना वाटतं, गुदगुल्या आवडतायत त्याला. प्रत्यक्षात तो घाबरलेला असतो! कोपराजवळच्या ग्रंथीतून येणारा स्राव चाटून आपला चावा विषारी करायची ती त्याची तयारी असते. ज्या फोटोवर लोक ‘किती गोड’ लिहितात, त्यात तो जीव वाचवायला धडपडतोय. असे फोटो इतके वाढले, की २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने वन्यप्राण्यांबरोबरच्या सेल्फीचे हॅशटॅग शोधणाऱ्यांना इशारा दाखवायला सुरुवात केली. तुमचे पैसे मिळाले की पुढचं पिल्लू जंगलातून उचललं जातं, हे ध्यानात ठेवा.

आणि फोटो टाकण्याआधी लोकेशन तपासा. मोबाइल फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही साठवतो. आफ्रिकेत गेंड्याचा फोटो काढलात तर ती माहिती शिकाऱ्यांच्या कामाची असते. म्हणून सफारीला निघतानाच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, पोस्टमध्ये अभयारण्याचं नाव टाकू नका, आणि गेंड्याचे फोटो तिथून निघाल्यावरच टाका.