हिम वेगळं, बर्फ वेगळा

(दृश्य: पहाट. रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या दोन गाड्या. कॅमेरा टायरच्या अगदी जवळ.)

बाहेर उणे दहा अंश तापमान आहे. या पहिल्या गाडीला उन्हाळी टायर आहेत. टायरच्या नक्षीवर अंगठा दाबून बघू. रबर दबत नाही. नख रोवायला गेलं तर प्लास्टिकच्या बादलीवर रोवल्यासारखं वाटतं. आता शेजारच्या गाडीचा टायर. त्यानंही हीच थंडी खाल्ली आहे, पण इथे अंगठा दाबला की रबर किंचित आत जातं. नक्षीतल्या केसाएवढ्या बारीक चिरा उघडतात आणि अंगठा काढला की मिटतात. हा हिवाळी टायर.

डांबरी रस्ता दिसायला सपाट असला तरी त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो. मऊ रबर त्या खडबडीत जागेत शिरतं, म्हणून गाडी रस्ता धरते. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली ताठर व्हायला लागतं. हिवाळी टायरच्या रबरात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचं प्रमाण जास्त ठेवतात, त्यामुळे ते कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहतं. म्हणून टायर बदलायला पहिल्या हिमवर्षावाची वाट बघायची नाही. सकाळचा पारा रोज सातच्या खाली राहू लागला की वेळ झाली.

(दृश्य: एका बाजूला पडणारं हिम, दुसऱ्या बाजूला काचेसारखा चकाकणारा रस्ता.)

मराठीत आपण दोन्हींना सरसकट बर्फच म्हणतो. आभाळातून भुरभुरत पडतो तोही बर्फ आणि पाणी गोठून रस्त्यावर काच धरते तोही बर्फ. बोलताना त्यानं काही बिघडत नाही, टायर निवडताना मात्र फसगत होते. म्हणून इथे पडणाऱ्याला हिम म्हणू आणि गोठलेल्या पाण्याला बर्फ. टायरला या दोघांशी दोन वेगळ्या तऱ्हांनी झुंजावं लागतं.

आधी हिम. मुठीत घेऊन दाबलं की त्याचा गोळा होतो, कारण हिमाला हिम चिकटतं. हिवाळी टायर नेमकं हेच करतो. रुंद, खोल खाचांमध्ये तो हिम भरून घेतो, दाबतो आणि ते दाबलेलं हिम खालच्या हिमाला धरून राहतं. खाचा पांढऱ्या झालेल्या दिसल्या की टायर बुजला असं वाटतं. खरं तर तो तेव्हाच कामाला लागलेला असतो. चाक फिरताना जुनं हिम झटकलं जातं, नवं भरलं जातं. यासाठी खाच खोल लागते. नव्या हिवाळी टायरची नक्षी साधारण ८ ते ९ मिलिमीटर खोल असते, आणि ४ मिलिमीटरच्या खाली गेली की हिमावरची पकड झपाट्यानं उतरते. पुष्कळ देशांत कायद्याला १.६ मिलिमीटर चालतात, पण ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी असलेला टायर हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत. मला तोच हिशेब योग्य वाटतो.

(दृश्य: बर्फाचा तुकडा अगदी जवळून. वरचा ओला थर.)

आता बर्फ. इथे खाचेत भरायला काहीच नाही. उणे वीसला बर्फ बराच कोरडा असतो आणि त्याच्यावर टायर जरा तरी टिकाव धरतो. शून्याच्या आसपास मात्र त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा येतो आणि तो सगळ्यात घातकी. थंडी कमी झाली म्हणून माणूस निर्धास्त होतो, नेमका तेव्हा रस्ता सगळ्यात निसरडा झालेला असतो.

तो पापुद्रा पुसून काढणं, हे बर्फावरच्या टायरचं मुख्य काम. अंगठ्याखाली उघडल्या त्या बारीक चिरा त्यासाठीच आहेत. त्या पाणी शोषून बाजूला घेतात आणि त्यांच्या शेकडो कडा बर्फाला खरवडतात. जॉन साइप यांनी १९२३ साली अमेरिकेत अशा चिरांचं पेटंट घेतलं, म्हणून जगभर त्यांना ‘साइप’ म्हणतात. ब्रिजस्टोननं १९८८ साली ब्लिझॅक हा टायर आणला. त्याच्या रबरातच सूक्ष्म छिद्रं होती. रबर झिजेल तशी नवी छिद्रं उघडी पडतात आणि पाणी ओढून घेतात.

तिसरा उपाय जुना आणि रांगडा आहे: टायरमध्ये ठोकलेले टंगस्टन कार्बाइडचे खिळे. ओल्या बर्फावर त्यांच्याइतकी पकड दुसऱ्या कशानं येत नाही. पण बर्फ नसेल तेव्हा हेच खिळे डांबर ओरबाडतात. जपानच्या थंड शहरांत त्याची धूळ इतकी उडायला लागली की १९९० साली खास कायदा करून खिळ्यांच्या टायरांना आळा घालावा लागला. जर्मनीत ते जवळपास बंदच आहेत. फिनलंड आणि स्वीडनमध्ये हिवाळ्यात आजही सर्रास दिसतात. तेव्हा खिळे घ्यायचे तर आधी आपल्या भागातला नियम बघा.

(दृश्य: टायरच्या बाजूवरची अक्षरं. बोट एका चिन्हावर थांबतं.)

दुकानात टायर हातात आला की बाजूची अक्षरं वाचा. ‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि हिम. हे वाचून लोक निश्चिंत होतात, पण ते फक्त नक्षीच्या ठेवणीबद्दल सांगतं, त्यामागे कुठली चाचणी असेलच असं नाही. बघायचं ते हे चिन्ह: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. १९९९ पासून ते उत्तर अमेरिकेत वापरात आलं आणि ते ठरलेली चाचणी पार केलेल्या टायरलाच मिळतं. पण ती चाचणी दाबलेल्या हिमावर होते, बर्फावर होत नाही. म्हणजे हे चिन्ह असलेला टायर काचेसारख्या रस्त्यावर कसा वागेल, हे त्यातून कळत नाही. युरोपीय संघानं मे २०२१ पासूनच्या लेबलवर बर्फाच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह दिलं, ते याच कारणानं.

मग घ्यायचा कुठला? आपण रोज ज्या रस्त्यानं जातो, तो आठवा. महामार्ग, रोज साफ केलेला, थंड पण ओला, मधूनच हिमाचा चिखल. अशा ठिकाणी थोडं टणक रबर आणि पाणी बाहेर फेकणारी, बाणासारखी नक्षी असलेला टायर बरा. गावाबाहेरचा रस्ता, महिनोन्‌महिने पांढरा, वळणांवर बर्फ. तिथे उत्तरेकडच्या देशांसाठी बनवलेला, फार मऊ आणि चिरांनी भरलेला टायर हवा. हाच मऊ टायर ओल्या डांबरावर उशिरा थांबतो, हेही पक्कं ध्यानात ठेवा. दोन्ही गुण एकाच टायरात पुरेपूर मिळत नाहीत. वर्षात चारदोन दिवसच हिम पडत असेल, तर डोंगराचं चिन्ह असलेला बारमाही टायर चालेल.

(दृश्य: लाल सिग्नल. येणारी गाडी.)

आता एक हिशेब. कोरड्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी ब्रेक लागल्यापासून १२ मीटरच्या आसपास थांबू शकते. पकड आठव्या हिश्शावर आली, म्हणजे ओल्या बर्फावर येते तितकी, की त्याच गाडीला सुमारे १०० मीटर लागतात. चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी गाडी जागेवरून झकास निघते, म्हणून चालकाला भलताच भरवसा येतो. पण थांबायच्या वेळी ती ताकद कामाची नाही. थांबवतात ते टायर, आणि एकेका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा.

म्हणूनच दोन टायर घेऊन काटकसर करू नका. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी लावले, तर ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा तिथेच सुटतो. बघता बघता गाडी गिरकी घेते. चारच्या चार बदला. टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडेही बघा: ३५२४ म्हणजे २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. थंडीत टायरमधली हवाही उतरते, पारा ५-६ अंशांनी घसरला की साधारण एक पीएसआय. गाडी गार असतानाच तपासा.

(दृश्य: मोकळं, पांढरं मैदान. एकच गाडी.)

टायर लावल्यावर पहिल्याच दिवशी अशी मोकळी जागा गाठा. पुढेमागे कुणी नाही याची खात्री करा. ताशी २० वेग घ्या आणि ठरलेल्या खुणेपाशी ब्रेक दाबा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, पायाखाली धडधडेल, पाय काढू नका. गाडी थांबली की उतरा आणि खुणेपासून गाडीपर्यंत पावलं मोजा. सकाळी एकदा मोजा, आणि दुपारी वरचा थर ओला झाला की पुन्हा एकदा.