चाक फिरतं, दोर मात्र घसरतो

भोसरी एमआयडीसी. शेजारच्या शेडमध्ये प्रेसचे ठोके, इकडे लेथची घरघर. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब, आणि मध्ये अख्खा सह्याद्री. तरी या टेबलावर पडलंय ते होडीचं यंत्र आहे. नांगर वर ओढणारं विंडलास. मुरूडकडच्या एका नाखव्याने ताम्हिणी घाट चढून ते इथवर आणलं.

तक्रार त्याने एका दमात सांगितली. "दोर हातानेच ओढावा लागतो, मिस्त्री. साखळी लागली की मशीन झकास चालतं."

नांगराला आधी थोडी साखळी असते, तिच्यापुढे लांबलचक नायलॉनचा दोर. उचलताना क्रम उलटा: पहिला दोर, शेवटी साखळी. दोन्ही एकाच खाचेदार चाकातून जातात. त्याला जिप्सी म्हणतात. कुणी दिलं असेल हे नाव, कोण जाणे!

मिस्त्रींनी पाना उचललाच नाही. खडू उचलला. चाक आणि शाफ्ट, दोघांवरून जाणारी एकच रेघ मारली. घसरणं दोन प्रकारचं असतं. शाफ्ट फिरतो आणि चाक जागेवर राहतं, तेव्हा क्लच ढिला. दोन्ही बरोबर फिरतात आणि दोर तेवढा जागच्या जागी, तेव्हा गोष्ट वेगळी. भार देऊन मोटर चालवली. रेघ तुटली नाही. क्लच निर्दोष सुटला.

मग कारखान्यातलाच एक दोर लावून पाहिला, तर चाकाने तो घट्ट धरला! पुण्यात यंत्र अगदी शहाण्यासारखं वागत होतं. मिस्त्री म्हणाले, "पेशंट घरीच राहिलाय. दोर पाठवा."

दोन दिवसांनी एसटीच्या पार्सलने दोर आला. व्हर्नियरने जाडी मोजली: १२ मिलिमीटर. चाक १४ मिलिमीटरच्या दोरासाठीचं. जुना झिजला म्हणून नाखव्याने नवा घेतला, दुकानदाराने सांगितलं तितकाच मजबूत आहे. असेलही. पण ही खाच आतल्या बाजूला निमुळती होत जाते. योग्य जाडीचा दोर तिच्या दोन्ही भिंतींत पाचरीसारखा रुततो. बारीक दोर तळाशी जाऊन बसतो, आणि वरची स्प्रिंगची दाबपट्टी त्याला नीट दाबू शकत नाही.

एवढ्यावर मिस्त्री थांबले नाहीत. व्हिडिओ कॉल लावून म्हणाले, "नाखवा, दोर पडतो ती पेटी उघडून दाखवा." आत दोराचा ढीग, थेट वर डेकला खालून टेकलेला.

बैलाचा कासरा खांबाला गुंडाळून धरणाऱ्याला हे हिशोबाशिवाय कळतं. वेढा जितका जास्त, तितकी पकड वाढते. घर्षणांक ०.३ धरला, तर पाव वेढा ताण १.६ पट पेलतो, अर्धा वेढा सुमारे २.६ पट. पण कासऱ्याचं मागचं टोक हातात तरी हवं! इथे तो हात म्हणजे चाकामागून खाली लोंबणाऱ्या दोराचं वजन. ढीग वरपर्यंत आला की ते वजनच जातं, आणि शून्याला २.६ ने गुणून काय मिळणार? म्हणून ढिगावर साधारण ३० सेंटिमीटर मोकळी जागा हवी.

नवा १४ मिलिमीटरचा, आठ पदरी विणीचा मऊ दोर आला. ढीग पसरेल अशी पेटीतली जागा केली. जुने दोर मीठ आणि उन्हाने ताठतात, ते गोड्या पाण्यात कपडे मऊ करायचं औषध घालून भिजवले तर थोडे वळणावर येतात. बारीक दोराला मात्र त्याने जाडी येत नाही.

मुरूडची खाडी. होडी इंजिनवर हळूहळू नांगराकडे सरकते, कारण होडी ओढणं हे विंडलासचं काम नव्हे. दोर सरसर आत येतोय. नाखव्याचा हात सवयीने चाकाकडे जातो.

फोनमधून भोसरीहून आवाज येतो, "नाखवा, हात काढा आधी!"