नाव आहे, चेहरा नाही

भिंगाखालचं हे तिकीट भोपाळ संस्थानाचं, १८७० च्या दशकातलं. चौकटीच्या कडेनं इंग्रजी अक्षरं फिरतात: नवाब शाहजहान बेगम. नीट बघा, कुठे 'नवाब'मधलं एक अक्षर गळलंय, कुठे 'बेगम'चं स्पेलिंग बिघडलंय. संग्राहक अशा चुकांवरच जीव टाकतात! मधोमध उर्दू अक्षरांचा उठावाचा ठसा. राज्य बाईचं, नाव बाईचं. चेहरा मात्र नाही.

आता याच्या बरोब्बर उलट. इंग्लंडचं १८४० चं पेनी ब्लॅक, जगातलं पहिलं डाकतिकीट. यावर ना देशाचं नाव, ना राणीचं. नुसता चेहरा. व्हिक्टोरिया पंधरा वर्षांची होती, तेव्हाच्या रेखाटनावरून एक पदक घडलं आणि त्या पदकावरून हे तिकीट. पुढे राणीचं लग्न झालं, नऊ मुलं झाली, वैधव्य आलं. १९०१ मध्ये एक्याऐंशीव्या वर्षी ती वारली, तरी ब्रिटनच्या तिकिटांवर तीच कोवळी मुलगी!

स्वतंत्र भारताच्या तिकिटावर स्त्री आली १९५२ मध्ये. संतकवींच्या मालिकेत कबीर, तुलसीदास, सूरदास यांच्यासोबत दोन आण्यांची मीरा. १५ ऑगस्ट १९५७ ला घोड्यावर स्वार झाशीची राणी, किंमत पंधरा नवे पैसे. रमाबाई रानडे १९६२ मध्ये.

पण सगळ्यांचा नंबर इतक्या लवकर लागला नाही. महर्षी कर्व्यांचं तिकीट १९५८ मध्ये निघालं, ते हयात असताना, शंभरी पूर्ण झाली त्याच दिवशी. त्यांच्या पत्नी बाया कर्वे ज्या शारदा सदनात शिकल्या, ते काढणाऱ्या पंडिता रमाबाईंचं तिकीट यायला १९८९ उजाडलं.

आणि ही दोन तिकिटं शेजारी ठेवू. जोतीराव फुले, २८ नोव्हेंबर १९७७. सावित्रीबाई फुले, १० मार्च १९९८. शाळा दोघांनी मिळून चालवली, तिकिटांत अंतर वीस वर्षांहून जास्त. दोन्ही तारखा स्मृतिदिनाच्या. १८९७ च्या १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतःलाच लागण होऊन सावित्रीबाई गेल्या.

तिकिटाची किंमत, दोन रुपये.