मंगळवारच्या बाजारातला शरद

नमस्कार, श्रोतेहो. आज आपण तुर्कस्तानातल्या एका आठवडी बाजारात फिरणार आहोत. गावाचं नाव तिरे, एजियन समुद्राकडच्या इझ्मिर प्रांतातलं. बाजार भरतो मंगळवारी. गावातल्या रस्त्यांवर, गल्लीबोळांत पालं लागतात आणि चाकांच्या पिशव्या ओढत बायका लवकरच बाहेर पडतात.

उन्हाळ्यातला माल साधा: टोमॅटो, कलिंगडं, अंजीर. धुवा आणि खा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा माल मात्र नखरेल. त्यातलं निम्मंअधिक घरी आणलं तरी लगेच तोंडात टाकता येत नाही.

हिरव्या ऑलिव्हचंच बघा. झाडावरचं ऑलिव्ह चावलंत तर कडू जहर! ढिगातून किलोकिलोनं घ्यायचं, घरी एकेक फळ दगडानं ठेचायचं आणि पाण्यात बुडवून ठेवायचं. पाणी रोज बदलत राहायचं. कडूपणा सोसवेल इतका उतरला की मग मिठाचं पाणी आणि लिंबू. बाटलीतलं आयतं ऑलिव्ह दुकानात मिळतंच, पण घरचं ते घरचं, हे काही आपल्या लोणचंवाल्या श्रोत्यांना सांगायला नको.

शेजारी पिवळीधमक आयवा. आपल्याकडे हिला बिही म्हणतात. काष्ठौषधीच्या दुकानात खोकल्यासाठी मिळणारा बिहीदाणा तो हिचाच. वास असा की दोन फळं खोलीत ठेवली तरी पुरे. कच्ची खाणारेही आहेत, पण ती घशाला तुरट लागते. खरी गंमत शिजवण्यात. अर्धी कापून साखर आणि लवंग घालून मंद आचेवर ठेवायची, बिया मात्र फेकायच्या नाहीत, त्या भांड्यातच राहू द्यायच्या. पांढरट गर हळूहळू गुलाबी, मग लालसर होतो. वर घट्ट साय, म्हणजे काय्माक. झाडाला आयवा भरपूर लागली की थंडी कडक पडणार, असं तिथली जुनी माणसं म्हणतात.

मुश्मुला नावाचं छोटं तपकिरी फळ तर त्याहून हट्टी. आंबा आढीत पिकतो, हे चक्क सडल्यासारखं मऊ झाल्यावर गोड लागतं. अनोळखी गिऱ्हाईक ते बघून नाक मुरडतं.

लाल भोपळा सोलून, फोडी करून विकतात. सोलण्याची कटकट विक्रेत्यानंच केलेली, हे मला फार आवडतं! फोडींवर साखर घालून रात्रभर ठेवल्या की त्यांना सुटलेल्या पाण्यातच त्या शिजतात, वरून अक्रोड. आणि चेस्टनट भाजण्याआधी सालीला चीर द्यायला विसरू नका, नाहीतर ते फुटून उडतात.

आता तुम्ही पाहुणे म्हणून गेलात आणि हॉटेलात चूल नसेल, तर काय घ्याल? इझ्मिर प्रांतातल्याच सेफेरिहिसार गावची संत्री घ्या. हंगामाच्या सुरुवातीला साल हिरवीच असते, त्याला फसू नका. हातानंच सुटते, आत बी जवळपास नसतेच, आणि बाजारात उभ्या उभ्या संपतात.