यातली बोंडअळी कोणती?

(काळोख. दूरवर घुंगरमाळांचा आवाज. जनरेटर सुरू होतो, पडदा उजळतो.)

आज पोळा. श्रावणातली अमावस्या. खाली गावात बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला आहे, घराघरांतून खापरावरच्या मांड्यांचा वास येतोय, आणि आम्ही इथं चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, रात्रीच्या पतंगांवर फिल्म करायला दोन बाभळींच्या मध्ये एक पांढरी चादर टांगून बसलोय. समोर १६० वॅटचा मर्क्युरी दिवा. सामान एवढंच. वर चंद्र असला की दिव्याचा जोर कमी पडतो, म्हणून मुद्दाम अमावस्या धरली.

आधी येतात तुडतुडे. चादरीवर हिरवी रांगोळी सांडावी तसे. मग शेणकिडे, आपटून खाली पडणारे. टप्. टप्. बैल कमी झाले, शेण कमी झालं, तसं यांचंही काम कमी झालं. पण पोळ्याच्या दिवशी तो विषय नको.

आणि मग पतंग.

पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला हा. याची अळी खुळखुळ्यावर वाढते, त्या झाडातलं विष अंगात साठवते आणि मोठी होऊनही ते सोबत ठेवते. म्हणून हा बिनधास्त दिवसाढवळ्या उडतो. त्याच्या शेजारी वाळकं पान पडलंय असं वाटतं ना? थांबा. पान चालायला लागेल.

आणि हे महाराज. पाठीवर चक्क कवटी. यांची बोटभर जाड अळी तिळाच्या वावरात सापडते. मोठे झाल्यावर हे रात्री मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध पितात. हातात धरलं की ओरडतात. खरंच ओरडतात.

(चिरकण्याचा आवाज तसाच ऐकू द्यावा. पाच सेकंद निवेदन नाही.)

ज्यांच्या वावरात आम्ही बसलोय ते नाना तासभर खाटेवर बसून हे सगळं बघत होते. बोलले काहीच नाहीत. मग उठले, चादरीजवळ आले, डोळे बारीक केले आणि विचारलं,

"यामा बोंडअळी कोनती शे, भो?"

कापूस पिकवणाऱ्या माणसाला पतंग म्हटल्यावर दुसरं काय आठवणार? गुलाबी बोंडअळी ही एका पतंगाचीच अळी. तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं १८४० च्या दशकात, भडोचकडच्या कपाशीवरून. म्हणजे आपल्या तापीच्या मुखापासून फार लांब नाही. मादी पात्या-फुलांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी फुलात शिरली की पाकळ्या एकमेकींना चिकटतात, फूल उमलतच नाही. ही बघा, सकाळी नानांनी तोडून दाखवलेली डोमकळी. हिच्या आत ती आहे. बोंडात शिरली तर एवढीही खूण मिळत नाही. शिरलेलं भोक बुजतं, बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. फोडाल तेव्हाच कळतं.

२००२ साली बीटी कपाशी आली, बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी. काही वर्षं फवारे कमी झाले. पण दरवर्षी, सगळीकडे, तेच एक पीक आणि त्यात तेच विष असल्यावर अळीला सराव व्हायला कितीसा वेळ लागतो? त्यात आपल्याकडे पाणी असलेला शेतकरी मेमध्येच कपाशी लावायचा आणि शेवटी फरदडही घ्यायचा, म्हणजे हंगाम संपला तरी पाणी देऊन तेच पीक उभं ठेवायचा. अळीला वर्षभर जेवणावळ. उपास घडला असता तर साखळी तुटली असती. तो घडलाच नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडं आतून पोखरलेली निघाली. त्या वर्षाबद्दल नाना एकच वाक्य बोलतात आणि तंबाखू मळायला घेतात.

कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटून घरामागं रचतात. चुलीला लागते, आणि थंडीत भरताच्या वांग्यांना तर तिच्याशिवाय चव नाही. त्या काड्यांवर न उमललेली बोंडं राहिलेली असतात आणि त्यांच्यात अळी झोपलेली असते, थेट पुढच्या पावसापर्यंत. डिसेंबरात भरीतपार्ट्या जरा जास्त केल्या तरी बोंडअळीचं थोडंफार नियंत्रण होईल, असं आमचा कॅमेरामन म्हणतो. तो जळगावचा आहे, त्याचं मत तेवढ्यापुरतं धरावं.

(पडद्याचं दृश्य पुन्हा. दिव्याभोवती घिरट्या, संथ गतीत.)

पतंग दिव्यावर का येतो, याचं उत्तर कवींनी प्रेम म्हणून देऊन टाकलंय. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी हे टिपलं, तेव्हा वेगळंच दिसलं. पतंग दिव्याकडे तोंड करत नाही, पाठ करतो. लाखो वर्षं रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ होतं. उजेडाकडे पाठ ठेवली की वरचं वर, खालचं खाली राहायचं. आता उजेड बाजूला असतो. पतंग पाठ तिकडे वळवतो, वळतच राहतो, गोल गोल, थकेपर्यंत. हा बघा, दिव्याच्या वर गेला आणि उलटा होऊन पडला.

आमचा दिवा एका रात्रीचा. फाट्यावरचा उंच खांबावरचा हायमास्ट दिवा रोज रात्रभर जळतो.

(रात्री साडेअकरा. कॅमेरा चादरीच्या वरच्या कोपऱ्याकडे.)

ती आली.

फिकट पोपटी. पंख पसरले तर तळहात झाकेल. मागच्या पंखांना दोन लांब शेपट्या, जरा पीळ दिलेल्या. चंद्रपतंग. इंग्रजीतही याला मून मॉथच म्हणतात. आता जवळून बघू. डोक्यापासून सुरुवात करू. या मिशा कंगव्यासारख्या आहेत. नराच्या याहून दाट असतात. मादीचा गंध त्या फार लांबून पकडतात. आता खाली, तोंड असतं तिथं. काही नाही. खायला-प्यायला चालणारं तोंडच नाही. जे काही खायचं ते अळी असताना शेमटीच्या पानांवर खाऊन झालं. आता उरलाय फार तर आठवडाभर, त्यात जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची. शेपट्याही नुसत्या शोभेच्या नाहीत. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करतं. उडताना या शेपट्या गरगरतात, वटवाघूळ शेपटीवर झडप घालतं, आणि शेपटी तुटली तरी पतंग निसटतो. हिची डावी शेपटी तुटलेली आहे, बघा.

(पंधरा सेकंद निवेदन नाही.)

शेमटीला इमारतीच्या लाकडाची किंमत नाही. बांधावर असली तर सावली करते म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावर.

(सकाळ. ड्रोन वर जातो.)

वरून नानांच्या वावराचे दोन बांध दिसतात. डावीकडचा तपकिरी, तणनाशकानं साफ केलेला. लोक त्याला स्वच्छ म्हणतात. उजवीकडे बोर आहे, एरंड आहे, खुळखुळा आहे, निंबावर चढलेला गुळवेल आहे, आणि नानांच्या शब्दांत "कचरा" आहे. नानांना तो काढायचा होता, गुडघे दुखत होते म्हणून राहिला. आमची अर्धी फिल्म या कचऱ्यात शूट झाली आहे.

बाभळीच्या फांदीवर काड्यांची जुडी लोंबतेय? ती एका अळीची पिशवी आहे. काड्या तिनंच कातरून रेशमानं विणल्यात. घर पाठीवर घेऊन ती पुढच्या पानाकडे निघाली आहे.

महादेवाच्या ओट्याजवळच्या कणेरीवर ही दुसरी. कणेर जनावराला विषारी, हिचं ते जेवण. हिरवी, गुबगुबीत. काडीनं जरासं टोचलं की डोकं आत घेते आणि मानेवर दोन निळे डोळे उघडतात. डोळे नाहीत ते, नुसते ठिपके. पण आमची ध्वनिमुद्रक दोन पावलं मागं सरली. चार दिवसांनी ही अळी खाली उतरेल आणि पाचोळ्यात कोष करेल. ओटा झाडून पाचोळा पेटवला नाही, तर.

आता हे कार्ड. कृषी विभागाच्या भाषेत ट्रायकोकार्ड. त्यावर खसखशीसारखं जे चिकटवलंय ती तांदळात पडणाऱ्या पतंगाची अंडी आहेत, एका कार्डावर सुमारे २० हजार. प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाच्या, एका मिलिमीटरहून लहान गांधीलमाशीनं आपलं अंडं घातलंय. त्या माश्या बाहेर पडल्या की बोंडअळ्यांची अंडी शोधत फिरतात. म्हणजे एका पतंगाच्या अंड्यांवर वाढलेला कीटक दुसऱ्या पतंगापासून कपाशी वाचवतो. पण त्या माशीला स्वतःला प्यायला मध लागतो. तो कपाशीच्या मधोमध शोधण्यापेक्षा उजवीकडच्या बांधावर लवकर मिळतो.

आता खरं तेच सांगायचं तर गुळवेलावर मोसंबीला भोक पाडणारा पतंगही वाढतो. नानांच्या गावात मोसंबी नाही, म्हणून आम्हाला हे सांगणं सोपं आहे.

(वांग्याचं वावर. भुंग्याचा आवाज.)

बामणोद, यावल तालुका. पोळ्यानंतर महिन्याभरानं. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याच्या जोरावर मिळालं, तो हा काळा भुंगा. आवाज ऐका. उडताना घूंऽऽ असा जाड. आता फुलावर बसला. स्वर एकदम चढला. वांग्याच्या फुलातला पराग नुसता स्पर्श करून सुटत नाही. पुंकेसराच्या टोकाला बारीक छिद्रं असतात, त्यातून तो हलवून पाडावा लागतो. भुंगा फूल तोंडानं धरून अंग थरथरवतो. पिवळा धूर उडाला, दिसला? मधमाशीला हे जमत नाही. भुंगा राहतो वाळक्या लाकडात: जुन्या बैलगाडीच्या साटीत, गोठ्याच्या वाशात. गोठ्यावर स्लॅब पडला की त्याला दुसरं घर शोधावं लागतं.

वर डोंगरात मोहाखाली फुलं वेचायला सोपं जावं म्हणून उन्हाळ्यात पाला पेटवतात; पाल्यातले कोष त्यात जातात. जाळी अंथरली तरी फुलं मिळतात.

(पुन्हा तीच पोळ्याची रात्र. पहाटे दोन.)

नाना झोपले नव्हते. चादरीच्या खालच्या कडेला, घडीजवळ, एक करडा-तपकिरी ठिपका. नखापेक्षाही लहान. आम्ही मोबाईलला भिंग लावून त्यांच्यासमोर धरला.

"येवढीशी?" नाना म्हणाले.

आणि अंगठा टेकवला. आम्ही काही बोललो नाही.

साडेपाचला उजाडायला लागतं. कोतवाल पक्ष्यांना ही चादर आता माहीत झाली आहे. तारेवर चार जण येऊन बसलेत. त्यांच्या आधी दिवा बंद करून चादर झटकावी लागते, नाहीतर रात्रभर जमलेल्यांचा त्यांना नाष्टा होतो. बाकीचे उडाले. तुटक्या शेपटीची ती हलेना. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, हळूच तिच्याखाली सरकवली, आणि उजवीकडच्या बांधाकडे चालायला लागले. शेमटीच्या एका पानाखाली टोपी बराच वेळ धरून उभे आहेत. ती चढायला वेळ घेतेय.

(आवाज फक्त कोतवालांचा.)