नामचेत दोन रात्री

(दृश्य: लुक्ला, विमान उतरताना)

सव्वापाचशे मीटरची, चढावर बांधलेली ही लुक्लाची धावपट्टी. इथे विमानातून उतरलात की तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहून बाराशे मीटर वर असता, तेही एक पाऊल न चालता.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेला हा पुण्या-ठाण्याचा गट. भर पावसात सह्याद्रीचे घाट चढणारी मंडळी, दमसास उत्तम. पण विरळ हवा दमसासाला भीक घालत नाही. उलट धडधाकट माणूस भराभर वर जातो आणि तिथेच फसतो.

(दृश्य: झुलता पूल, खेचरांची रांग, मग नामचे)

नामचे बाजार, ३४४० मीटर. घोड्याच्या नालासारखं डोंगराला बिलगलेलं गाव. इथे दोन रात्री मुक्काम. मधला दिवस वेळापत्रकात ‘विश्रांती’ म्हणून छापतात आणि सुट्ट्या कमी पडल्या की पहिली कात्री त्यालाच लागते. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणी बसून राहत नाही. गट ३८८० मीटरपर्यंत चढतो, एव्हरेस्ट आणि अमा दब्लाम डोळे भरून पाहतो आणि झोपायला पुन्हा खाली येतो.

(दृश्य: चढण, धापा टाकणारे चेहरे)

वरच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर श्वास वाढवतं. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासाला आवर बसतो. झोपेत श्वास क्षणभर थांबून दचकून जाग येते, ती यामुळेच. हा जादा अल्क मूत्रपिंडं लघवीवाटे काढून टाकतात, पण त्यांना काही दिवस लागतात. डायमॉक्सची गोळी या कामाला वेग देते. ती घेणारा रात्री सारखा का उठतो, ते लक्षात आलं असेल. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियमही याच हिशोबातला.

(दृश्य: लॉजचा जेवणाचा हॉल, हातोहात फिरणारा ऑक्सिमीटर)

“माझा ८८, तुझा?” इथेही स्पर्धा! शेवटी गाइडने ऑक्सिमीटर खिशात टाकला आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. डोकं दुखतंय? जेवण जातंय? चक्कर? गटात हे आपणहून कोणी सांगत नाही. आपल्यामुळे सगळे अडकतील, ही भीती असते. म्हणून लीडरने रोज, प्रत्येकाला विचारायचं.

(दृश्य: दिंगबोचे, अंगणात सरळ रेषेत चालणारे ट्रेकर)

टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चालायचं. तोल गेला तर मेंदूला सूज येत असल्याची शंका. बसल्या जागी धाप लागली तर फुप्फुसात पाणी. दोन्हींवर उपाय एकच: लगेच खाली, रात्र असली तरी, आणि सोबत माणूस देऊनच.

(दृश्य: लोबुचे, पहाट)

४९४० मीटर. गटातल्या एकाची पावलं रेषेवरून सुटली. औषध, ऑक्सिजन, दोन शेर्पांचा आधार आणि थेट फेरिचे. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना तिथे १९७३पासून आहे. तो सावरला.

(दृश्य: बेस कॅम्प, पताका)

बाकीचे ५३६४ मीटरवर पोहोचले. परतताना त्याच्यासाठी एक दिवस थांबावं लागलं, तरी काठमांडूचं विमान चुकलं नाही. वेळापत्रकात दोन मोकळे दिवस आधीच धरले होते.